एका तारेवर पाच जणांचे कान

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोवाड्यातले झीलकरी तुम्ही पाहिले असतील. शाहिराची ओळ संपत आली की ते एक हात उचलून कानावर ठेवतात आणि मग झील ओढतात. अजान देणारा मुअज्जिन कानांपाशी हात नेतो. खुलताबादच्या उरुसात कव्वालीला बसा. सूर वरच्या पट्टीत चढला की कव्वालाचा हात आपोआप कानाकडे जातो. पुष्कळांना वाटते ही अदब आहे, किंवा थोडी ऐट. खरे कारण अगदी व्यवहारातले आहे. भोवती डफ, ढोलक, टाळ्या यांचा कल्लोळ चालू असतो आणि त्यात गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा होतो. तळहाताचा आडोसा केला की बाहेरचा गलबला थोडा अडतो, आपला आवाज कानात घुमतो आणि सूर जागेवर आहे की घसरला हे कळते.

ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत हे हाताचे काम हेडफोन करतो. घरी आपण हेडफोन लावतो तो गाणे ऐकण्यासाठी. स्टुडिओत तो लावतात गाता यावे म्हणून. हा फरक लक्षात घेतला की पुढची सगळी अडचण समजते. घरी एक माणूस, एक हेडफोन. स्टुडिओत मात्र दोन गायक, तबलजी, हार्मोनियमवाला, बासरीवाला अशी पाच माणसे असतात, आणि यंत्राला भोक एकच. या एका भोकातून पाच जणांना ऐकवायचे कसे? प्रश्न किरकोळ वाटतो. पण आपल्याकडच्या कित्येक गाण्यांचा, भारुडांचा, गवळणींचा ध्वनिमुद्रणात जो विचका होतो, तो इथेच होतो असे माझे मत आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाला सुई मेणावर रेघ ओढायची. साथीदार शेजारीच बसलेले. पुढे १९२५ च्या सुमारास विजेचा मायक्रोफोन आला, तरी गाणारे-वाजवणारे एकाच खोलीत एकमेकांना पाहत, ऐकत बसायचे. चुकले तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. नंतर, १९५० च्या दशकापासून, एकाच फितीवर अनेक पट्ट्या वेगवेगळ्या मुद्रित करण्याचे तंत्र पसरत गेले. आज तबला घ्या, उद्या त्यावर आवाज घ्या, परवा बासरी. आता कालचा तबला आजच्या गायकाला ऐकू तर आला पाहिजे, पण तो खोलीत मोठ्याने लावला तर गायकाच्या माइकमध्ये शिरणार. म्हणजे तबला फक्त कानात वाजला पाहिजे. स्टुडिओत हेडफोन अपरिहार्य झाला तो असा.

मात्र एका तारेवर अनेक कान जोडण्याची खटपट स्टुडिओच्याही आधीची, घराघरातली आहे. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे रेडिओ केंद्र सुरू झाले, त्या काळी स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी ना वीज. हवेतल्या लहरींतून जी चिमूटभर शक्ती मिळेल तिच्यावर हेडफोन कुजबुजायचा. घरात ऐकणारे चौघे. मग विलायतेतल्या लोकांनी युक्ती काढली : हेडफोन काचेच्या वाडग्यात ठेवायचा आणि सगळ्यांनी भोवती डोकी जमवायची. दुसरी युक्ती अधिक शास्त्रीय. एका हेडफोनची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी माळ करायची. शाळेत आपण जिला एकसर जोडणी म्हणून शिकलो तीच. त्या काळच्या हेडफोनचा रोध दोन-दोन हजार ओहम असे. यंत्रालाही तसाच जास्त रोध मानवत असल्याने माळ चालून जाई.

(जाता जाता : आपल्या शहराचे रेडिओशी नाते जुने आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या संस्थानांची जी पाच रेडिओ केंद्रे होती, म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदे, हैदराबाद, त्यांत पाचवे औरंगाबादचे होते. जालना रोडवरच्या आकाशवाणी चौकातून रोज जाणाऱ्या तरुणांना हे सांगितले की खरे वाटत नाही.)

आज ती माळ चालत नाही. एकाने हेडफोन काढला की माळ तुटते आणि सगळेच बहिरे होतात. म्हणून आज हेडफोन शेजारी शेजारी, म्हणजे समांतर जोडतात. बाजारात त्यासाठी एका तोंडाची दोन तोंडे करणारी तार मिळते. पैठण गेटच्या दुकानांतून मागाल तितक्या. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत जाता येते. मामला इथे बिघडतो.

मी कला शाखेचा माणूस. वीज मला पाण्याच्या भाषेत कळते, आणि या शहरात पाण्याची भाषा सगळ्यांनाच येते. मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली नहर-ए-अंबरी आठवा. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणले, वाटेत ठिकठिकाणी उंच बंब उभारले आणि हौदाहौदांतून ते वाटले. वाटपाचे सगळे कौशल्य एका गोष्टीत : पाणी घेणारी तोंडे वाढली तरी दाब राहिला पाहिजे. नळाला दाबाने पाणी येण्याची वाट वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पहिल्या घराने तोटी सोडली, धार जोरात. दुसऱ्याने सोडली, थोडी कमी. चौथ्या घराला बादली भरायला अर्धा तास. आणि मधल्या कोणी मोठ्या तोंडाचा पाइप टाकला, तर बाकीच्यांनी नुसती तोटी बघत बसायचे.

हेडफोनमध्ये तंतोतंत हेच होते. तारेतला दाब म्हणजे व्होल्ट, आणि पाइपचे तोंड किती अरुंद ते म्हणजे ओहम. ओहम जितके कमी तितके तोंड मोठे. आजचा साधा हेडफोन ३२ ओहमचा असतो. असे दोन शेजारी जोडले की यंत्राला ते दोन दिसत नाहीत. १६ ओहमचे एकच मोठे तोंड दिसते. चार जोडले की ८ ओहम. आता समजा, यंत्राच्या पोटात स्वतःचा असा ३२ ओहमचा रोध आहे. साध्या मिक्सरांत असा थोडाफार रोध असतोच. एक हेडफोन असताना निम्मा दाब यंत्राच्या पोटात जातो आणि निम्मा कानाला मिळतो. चार लावल्यावर एकूण ४० पैकी फक्त ८, म्हणजे पाचवा हिस्सा कानाच्या वाट्याला येतो. दाब अडीच पटींनी घटला. आणि शक्ती दाबाच्या वर्गाने घटत असल्यामुळे प्रत्येक हेडफोनला पूर्वीच्या जेमतेम सहाव्या हिश्शाएवढी शक्ती मिळते.

काही यंत्रांच्या पोटात रोध नगण्य असतो, तिथे आवाज असा घटत नाही. पण तिथे चौपट प्रवाह पुरवता पुरवता छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची दमछाक होते आणि आवाज फाटू लागतो.

त्यात सगळे हेडफोन सारखे नसतात. बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ७७० प्रो हा स्टुडिओत पुष्कळदा दिसणारा नमुना घ्या. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. वरून दिसायला एकसारखेच. यातला एक ३२ चा आणि एक २५० चा एकाच तारेवर शेजारी जोडला, तर पहिला दुसऱ्याच्या जवळजवळ आठपट शक्ती ओढून घेतो. एकाचे कान किटतात आणि दुसरा म्हणतो, मला काही येत नाही, वाढवा जरा.

काही वर्षांपूर्वी माझ्या चार गझलांचे ध्वनिमुद्रण एका खासगी स्टुडिओत झाले. जागा लहान, माणसे पाच. दोन तोंडांच्या तारांची शेपटी लावलेली. गायिका म्हणत होती, मला हार्मोनियम हवा. तबलजी म्हणत होता, मला आवाज नको, नुसता लेहरा द्या. सगळ्यांच्या कानात एकच खिचडी जात असल्याने कोणाचेच समाधान नव्हते. तेवढ्यात बासरीवाल्याने पिशवीतून स्वतःचा जुना हेडफोन काढून खुपसला आणि पाचही जणांचा उजवा कान बंद पडला. पंधरा मिनिटे शोधाशोध. मिक्सर पाहिला, तारा हलवल्या. शेवटी रेकॉर्डिस्टच्या हाताखालच्या मुलाने ती जुनी पिन उपसून सगळ्यांसमोर धरली.

ती पिन समजून घेण्यासारखी आहे. पाव इंच जाडीची ही पिन मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजची. जुन्या सिनेमात ऑपरेटर मुली फळ्यावर तारा खुपसताना दिसतात, तीच. आजच्या हेडफोनच्या पिनेवर दोन काळ्या रेघा असतात, म्हणजे धातूचे तीन भाग : टोक डाव्या कानाचे, मधली कडी उजव्या कानाची आणि मागचा दांडा दोघांच्या परतीच्या वाटेचा. जुन्या मोनो पिनेवर काळी रेघ एकच. तिचा दांडा लांब, त्यामुळे आत गेल्यावर तो मधल्या कडीच्या जागेलाही टेकतो. उजव्या कानाचा प्रवाह कानात न जाता सरळ परत जातो. फुटलेल्या पाइपासारखे झाले हे. सगळे पाणी तिथेच, बाकीची घरे कोरडी. तार सगळ्यांची एकच असल्यामुळे एकाच्या पिनेने सगळ्यांचा उजवा कान गेला.

त्याच दिवशी दुसरा प्रकार घडला, तो जास्त गंभीर. पाच जणांना ऐकू यावे म्हणून रेकॉर्डिस्टने बटण बरेच वर नेले होते. चहाची सुटी झाली, चौघांनी हेडफोनच्या पिना उपसल्या. गायिका एकटी आपली ओळ तपासत बसली होती. चार तोंडे बंद झाली, सगळा दाब पाचव्यावर. ती किंचाळून उठली आणि तिने हेडफोन जमिनीवर टाकला. कान तासभर वाजत होता. पुढच्या दोन गझला त्या दिवशी झाल्या नाहीत.

याला हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढ माणसाने आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकावे. ९० डेसिबल असेल तर आठवड्याला ४ तासच. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गाणाऱ्याची रोजीरोटी त्या केसांवर असते.

मग उपाय काय? सरळ उपाय असा की प्रत्येक कानाला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा. हेडफोन वाटप अ‍ॅम्प्लिफायर या नावाने एक छोटा खोका मिळतो. आत येणारी तार एक, बाहेर चार किंवा आठ भोके, आणि प्रत्येक भोकामागे स्वतंत्र छोटा अ‍ॅम्प्लिफायर व स्वतंत्र बटण. मिक्सरकडून येणाऱ्या आवाजातला हा खोका अगदी थेंबभर प्रवाह घेतो, कारण त्याचे आत घेणारे तोंड फार अरुंद, हजारो ओहमांचे असते. त्यामुळे मिक्सरला ओझे होत नाही. प्रत्येक घराला वेगळी टाकी आणि वेगळी मोटर, असे समजा. शेजाऱ्याने तोटी सोडली काय, बंद केली काय, तुमच्या धारेला फरक पडत नाही. २५० ओहमवाला आपले बटण वाढवील, ३२ वाला कमी करील. एकाने मोनो पिन खुपसली तरी बिघडेल ते त्याच्या भोकापुरते. दुकानात खोका घेताना एवढेच विचारावे : प्रत्येक भोकाला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आहे ना? नुसते बटण पुढे आणि आत तार एकच, असे खोकेही मिळतात. ते म्हणजे दोन तोंडांची तारच, अंगरखा घातलेली.

दुसरा उपाय जुन्या मोठ्या स्टुडिओंचा. मला तो फार आवडतो, कारण त्यात समजूतदारपणा आहे. तिथे कोपऱ्यात लाउडस्पीकरचा दणकट पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ठेवत. त्याची तार भिंतीभिंतीने फिरवत आणि जागोजागी हेडफोनच्या डब्या लावत. प्रत्येक डबीत डाव्या आणि उजव्या तारेवर शंभरेक ओहमचा एकेक रोधक. रोधक म्हणजे तोटीच्या आधी बसवलेला अरुंद वायसर. दाब भरपूर आहे, पण कोणालाही एका मर्यादेपलीकडे ओढता येत नाही. आता हिशेब पाहा. दहा डब्या आहेत आणि वाईटात वाईट म्हणजे दहाही हेडफोनच्या तारा एकदम आतून चिकटल्या, तरी शंभर ओहमचे दहा रोधक समांतर, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरला १० ओहम दिसणार. लाउडस्पीकरचा अ‍ॅम्प्लिफायर चार-आठ ओहमसाठीच बनवलेला असतो. तो शांत राहतो. एक चिकटला तर बाकीच्या नऊ जणांना पत्ताही लागत नाही.

हे घरी करायचे तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. रोधक चांगला दोन-पाच वॅटचा हवा. रेडिओतला काडीएवढा टाकला तर जळून वास येतो. दुसरे म्हणजे, काही अ‍ॅम्प्लिफायरांत डाव्या-उजव्या बाजूची काळी टोके एकमेकांना जोडलेली चालत नाहीत. हेडफोनच्या पिनेत तर दोघांची परतीची वाट एकच असते. तसा अ‍ॅम्प्लिफायर जोडला तर पहिल्याच दिवशी धूर निघेल. तेव्हा जाणकार मेकॅनिकला दाखवल्याशिवाय हात घालू नये.

आवाज सगळ्यांना पोचला, पण खिचडीचे काय? तबलजीला लेहरा हवा, गायिकेला हार्मोनियम. यासाठी मिक्सरवर ऑक्स नावाच्या बटणांच्या वेगळ्या रांगा असतात. प्रत्येक रांग म्हणजे एक वेगळे पातेले. पहिल्यात हार्मोनियम जास्त, तबला बेताचा. दुसऱ्यात लेहरा पुढे, गळा मागे. दोन पातेल्यांची दोन खोक्यांना जोडणी केली की निम्मी भांडणे मिटतात. अनुभवी रेकॉर्डिस्ट गायकाला त्याचा स्वतःचा आवाज जरा कमीच देतात. स्वतःचा आवाज कानात फार मोठा आला की गायक नकळत गळा आवरून गातो. अगदीच कमी आला तर ओरडतो आणि सूर सुटतो. पुष्कळ गायक एक कान उघडा ठेवतात. तो झीलकऱ्याचाच हात, उलट बाजूने. हरकत नाही. फक्त मोकळी वाटी गालाला किंवा कानामागे घट्ट दाबून ठेवावी, नाहीतर तिच्यातली ठेक्याची टकटक माइकमध्ये शिरते आणि हळुवार ओळीमागे उंदीर कुरतडल्यासारखी ऐकू येते.

आजकाल तरुण मुले विचारतात, एवढ्या तारा कशाला, ब्लूटूथ लावू. गाणे ऐकायला ब्लूटूथ ठीक आहे, गायला नाही. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून हवेतून पाठवायला त्याला वेळ लागतो, साधारण सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. सेकंदाचा सातवा हिस्सा उशीर म्हणजे तबलजी तुमच्यापासून पन्नास मीटरवर बसल्यासारखा. गुलमंडीच्या एका टोकाला तबला आणि दुसऱ्या टोकाला गायक बसवून द्रुत तीनताल गाऊन दाखवा! स्टुडिओत तार लागतेच.

मराठवाड्यात आता घरोघरी छोटे स्टुडिओ झाले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांचे गाणे मुंबई-पुण्यापर्यंत कधी पोचले नसते, त्या जुन्या गळ्यांना मुद्रित व्हायची संधी मिळते. पण मी पाहतो, पोरे माइकवर चाळीस-पन्नास हजार घालतात आणि ऐकण्याच्या बाजूला दोन तोंडांची एक तार. सत्तरीतल्या भारुडवाल्या बाबांना ते एकच मोडका हेडफोन देतात, मृदंगवाल्याला काहीच नाही, आणि मग म्हणतात बाबांची लय सुटते. बाबांची लय गेली पन्नास वर्षे सुटलेली नाही. त्यांना मृदंग ऐकू येत नाही एवढेच.

आणि कधी कधी हेडफोन बाजूला ठेवणे हाच रास्त उपाय असतो. एका कव्वाल मंडळीचे ध्वनिमुद्रण मी पाहिले. आठ माणसे, आठ हेडफोन, सगळे व्यवस्थित जोडलेले, खोकाही उत्तम. दोन कडव्यांनंतर म्होरक्याने हेडफोन काढला आणि म्हणाला, "मियाँ, टाळी आधी दिसते, मग ऐकू येते. आम्हाला एकमेकांकडे बघू द्या." रेकॉर्डिस्ट शहाणा होता. त्याने गालिचा पसरला, सगळ्यांना गुडघ्याला गुडघा लावून गोलात बसवले, मधोमध दोन माइक टांगले आणि सातजणांचे हेडफोन गोळा करून घेतले. आठवा तेवढा ढोलकवाल्याकडे राहिला, कारण त्याला सुरुवातीचा ठेका धरायचा होता. तो धरून झाल्यावर त्यानेही तो गळ्यात सोडला.